अब्बासभाईंच्या बॅगा

अब्बासभाई परकारांना मी आधी आवाजानं ओळखू लागले, चेहऱ्यानं बऱ्याच नंतर. आमच्या शाळेच्या मुलींच्या विभागाला एक हिरवं लोखंडी फाटक होतं आणि त्या फाटकाला माणसाचं तोंड दिसेल एवढी सरकती खिडकी होती. सकाळी मधल्या सुट्टीच्या आसपास ती खिडकी खाडकन उघडायची आणि बाहेरून विचारणा व्हायची, "बाई, कोण हाय का आत? एसी थंड देतो का?"

मी नवीनच लागले होते. मला वाटलं, दुरुस्तीवाला असेल. मी आतूनच सांगितलं, "पाचवीतला गळतोय, बाकी ठीक आहे. उद्या लवकर या, आज उन्हं चढलीत." बाहेरचा आवाज "बरं बाई" म्हणाला आणि खिडकी बंद झाली. मागून आमच्या मुख्याध्यापिका धावत आल्या आणि म्हणाल्या, अहो, ते आपले चेअरमन. दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर, मुली यायच्या आत, चेअरमन स्वतः शिडी आणि पाना घेऊन आले आणि पाचवीतला एसी दुरुस्त करून गेले. मी पोचले तेव्हा फरशीवर त्यांच्या बुटांचे धुळीचे ठसे तेवढे होते.

सौदीत मुलींची शाळा चालू असताना आत पुरुषानं पाऊल टाकायचं नाही. मग तो चेअरमन असला तरी सूट नाही. पहारेकरी खानचाचासुद्धा फाटकाबाहेरच बसायचे. त्यामुळे आमच्या विभागाचा कारभार अब्बासभाई बाहेरून करायचे, खानचाचांच्या शेजारी पेप्सीच्या रिकाम्या क्रेटवर बसून. आम्ही अबाया घालून खिडकीशी जायचं, टँकर आला का, सातवीच्या नव्या बाई टिकतील का, बस उशिरा का आली, हे सगळं सांगायचं. खिडकीतून त्यांचं नाक आणि डोळे दिसायचे. ऐकून झालं की "खलास" म्हणायचे आणि खिडकी सरकवायचे. मी सांगलीच्या शाळेत चार वर्षं काढली होती. तिथले अध्यक्ष वर्गात यायचे, हार घालून घ्यायचे आणि आपण लहानपणी किती हाल काढले ते मुलांना सांगायचे. इथला अध्यक्ष आतच येऊ शकत नव्हता. ही पद्धत मला फार आवडली.

अब्बासभाई श्रीवर्धनजवळच्या एका गावचे. दम्मामच्या औद्योगिक वसाहतीत त्यांचं पत्र्याचे एसी डक्ट बनवायचं वर्कशॉप होतं. कागदोपत्री कफीलचं, म्हणजे सौदी जामीनदार मालकाचं, राबायला यांचं. बुटके, अंगानं भरलेले, शर्टाच्या खिशात कायम मोजपट्टी. कुठल्याही खोलीत शिरले की आधी छताकडे बघायचे. कुणाच्या घरी मयतीला गेले तरी नजर आधी वर जायची. नवख्या माणसाला वाटायचं, हा गृहस्थ आपलं ऐकत नाही. पण ऐकत असायचे सगळं. फक्त तोंड वर करून ऐकायचे.

हा माणूस चेअरमन कसा झाला, तेही सांगायला हवं. आमच्या शाळेला ना भारत सरकार पैसे देत होतं, ना सौदी. मुलांची फी हेच उत्पन्न. त्यातून इमारतींचं भाडं, बस आणि आमचे पगार. वकिलातीचे लोक लांब रियाधला, त्यांची नुसती देखरेख. बाकी सगळं पालकांनी निवडून दिलेल्या कमिटीच्या हाती. निवडणूक आली की केरळवाल्यांना केरळचा माणूस हवा असायचा आणि हैदराबादवाल्यांना हैदराबादचा, आणि दुसऱ्याचा तर कुणालाच नको असायचा. मराठी मतं एका गाडीत मावतील एवढी. म्हणून तडजोडीला अब्बासभाई पुढे आले. "माझ्या पाठीशी कोणी नाय, बाई, म्हणून सगळ्यांना मी चालतो," असं ते मजेत सांगायचे. शाळेच्या घटनेत एक अट होती: ज्याचं मूल शाळेत, तोच कमिटीत. मूल गेलं की त्या दिवशी मेंबरकी संपली. त्यांची धाकटी रुबीना आमच्याकडे होती, त्या आधारावर ते चेअरमन होते.

ही अट त्यांनी फारच मनावर घेतली होती. मुलींच्या विभागाची पालकसभा शुक्रवारी, दुपारच्या नमाजानंतर, रिकाम्या शाळेत व्हायची. तिथे अब्बासभाईंनी एक रीत पाडली. बापानं आपल्या मुलीच्याच बाकावर बसायचं. ज्या वर्गाचा प्रश्न, त्या वर्गात सभा. पुढे स्टेज नाही, खुर्च्या नाहीत. चेअरमनसुद्धा रुबीना जिथे बसते त्या बाकावर, गुडघे पोटाशी घेऊन. मुली बालवर्गातल्या असल्या तर विचारायलाच नको. तेलकंपनीतले मोठमोठे इंजिनियर इवल्याशा लाल खुर्च्यांवर तोल सांभाळत बसलेले मी पाहिले आहेत. मी शिक्षकांची प्रतिनिधी म्हणून फळ्याजवळ बसायचे, त्यामुळे सगळं नाटक समोरून दिसायचं. "छोट्या बाकावर माणूस मोठं भाषण करत नाय," हे त्यामागचं अब्बासभाईंचं शास्त्र होतं.

फीवाढीची सभा मात्र मी जन्मात विसरणार नाही. पाचवीचा वर्ग, रुबीना तेव्हा त्याच वर्गात होती. एक डॉक्टर होते, भारी बोलणारे. फी का वाढवायची, पैसा जातो कुठे, असं त्यांनी इंग्रजीत सुरू केलं. ते आपल्या मुलीच्या बाकावर बसून बोलत होते आणि वरून एसीचं पाणी टप टप त्यांच्या कॉलरवर पडत होतं. त्यांनी एकदा मान पुसली. मग सरकून बघितलं. शेजारी एक जाडजूड हैदराबादी गृहस्थ होते, सरकायला जागा नव्हती. पुन्हा मान पुसली. बोलता बोलता त्यांचा धागा सुटला आणि ते वर बघायला लागले. सगळेच वर बघायला लागले. अब्बासभाई तर सुरुवातीपासूनच वर बघत होते.

"डॉक्टरसाब, आपकी बच्ची रोज वहीं बैठती है," ते एवढंच म्हणाले.

फीवाढ मंजूर झाली. नंतर मी त्यांना गाठलं. म्हटलं, "अहो, हा एसी तर तुम्ही माझ्याच सांगण्यावरून दुरुस्त केला होता."

"केलेला ना," ते म्हणाले. "बुधवारी परत ढिला केला. आता जाताना घट्ट करून जातो."

मी हसत सुटले. त्यांच्या चेहऱ्यावरची सुरकुतीही हलली नाही. खिशातून पाना काढला आणि बाकावर चढले.

नव्वदच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत कुवेत इराकच्या हाती पडलं. आमची अर्धी शाळा भारतात आजोळी होती, ती तिकडेच राहिली. मुख्याध्यापिकांनी त्रिचूरहून तार केली की परत येत नाही, आणि कमिटीनं मुलींच्या विभागाची इन्चार्ज म्हणून मला खुर्चीत बसवलं. सप्टेंबरात शाळा उघडली तेव्हा व्हरांड्यात आपल्याच चपलांचा आवाज ऐकू यायचा. आता खिडकी उघडली की एसीआधी दुसरा प्रश्न यायचा, "बाई, किती आल्या?" अब्बासभाईंनी वरचा मजला बंद केला, तुकड्या एकत्र केल्या, एक बस उभी करून ठेवली. फी निम्मी आणि भाडं पूर्ण, हे गणित ते कसं सोडवत होते ते त्यांनी आम्हाला कधी सांगितलं नाही. पगार होत होते. कमिटी मात्र विरघळत चालली. मुलीला भारतात पाठवलं की बाप मेंबर उरत नाही. डिसेंबरात कमिटीत जेमतेम दोघंतिघं राहिले आणि चेअरमन व्हायला तयार असा एकच, जो आधीच होता.

आणि मार्चमध्ये दहावीची बोर्डाची परीक्षा होती.

त्या भागात परीक्षेचं केंद्र आमचंच. वकिलातीकडून निरोप आला की शाळा चालू राहील आणि केंद्र सांभाळू अशी चेअरमननं हमी दिली तर केंद्र राहील, नाहीतर मुलींनी भारतात जाऊन परीक्षा द्यावी. सांगायला सोपं होतं. पासपोर्ट कफीलच्या कपाटात, एक्झिटचा शिक्का त्याच्या मर्जीवर. आणि जाऊन पोचलं तरी जानेवारीत बोर्डाच्या वर्गात कोणती शाळा घेणार? म्हणजे वर्ष गेलं. मुलाचं वर्ष गेलं तर तो पुढच्या वर्षी बसतो. मुलीचं काय होतं, ते मला अब्बासभाईंनी त्या खिडकीतूनच सांगितलं. त्या दिवशी त्यांचे डोळे वर नव्हते.

"थोरली नववीत होती," ते म्हणाले. "अम्मी आजारी पडली म्हणून बायको पोरींना घेऊन गावाला गेली. एक वर्षासाठी. बायको रुबीला घेऊन परत आली, थोरली तिथंच राहिली. वर्ष गेलं, मग शाळा सुटली, मग चांगलं स्थळ आलं. पोरगी सुखात हाय, माझी तक्रार नाय. पण फोन केला की अजून विचारते, अब्बा, रुबी आता कितवीत?"

ते पुढे म्हणाले, "हमी देऊन आलो मी रियाधला. आता मुली राहायला हव्यात." मग नेहमीसारखं "खलास" न म्हणताच त्यांनी खिडकी सरकवली.

पण अट आठवा. रुबीना, तीही आता दहावीतच, शाळेत आहे तोवरच अब्बासभाई चेअरमन. ती गेली तर हमी देणारा माणूसच उरत नव्हता. हे दहावीतल्या प्रत्येक मुलीच्या घरी पाठ होतं. अब्बासभाईंच्या घरात काय शिजतंय इकडे सगळ्यांचे कान लागलेले. त्यांच्या पत्नी हमीदाभाभी दुकानात दिसल्या की बायका पिशवीत डोकावायच्या. प्रवासाची खरेदी तर नाही ना. आपण रुबीनाला ठेवतोय की पाठवतोय, हे अब्बासभाई कुणाला सांगत नव्हते. मी विचारलं तर म्हणाले, "सांगितलं तर बाकीचे नक्कल करतील. ज्यानं त्यानं आपल्या घरात ठरवावं."

जानेवारी उजाडला. खिडक्यांच्या काचांवर सगळ्यांनी चिकटपट्ट्यांच्या फुल्या मारल्या होत्या. तेलकंपनीच्या लोकांना, म्हणजे आमच्या ह्यांच्या नोकरीमुळे आम्हालाही, गॅसचे मास्क मिळाले होते. बाकीच्यांना ओले टॉवेल जवळ ठेवा एवढंच सांगितलेलं. अशात एका गुरुवारी, सुट्टीच्या दिवशी, सकाळी कुणीतरी अब्बासभाईंची पिकअप पाहिली. मागे दोन मोठ्या बॅगा. निळ्या नायलॉनच्या दोरीनं आडव्या-उभ्या आवळलेल्या, आणि वर पांढऱ्या रंगानं लिहिलेलं: परकार, श्रीवर्धन, मुंबई.

आखातात राहिलेल्या माणसाला यापुढे काही सांगावं लागत नाही. आम्ही कपाट दोरीनं बांधत नाही, फ्रिजवर गावाचं नाव लिहीत नाही. दोरी आवळलेली, नाव रंगवलेली बॅग गाडीवर चढली की तिचा अर्थ एकच, आणि तो कोकणी, मलबारी, हैदराबादी सगळ्यांना सारखाच कळतो. आमचा फोन वाजायला लागला तो थांबेचना. "टीचर, चेअरमन गया?" "बाई, तुम्हाला सांगून गेले का?" कुणी त्यांना रियाधच्या रस्त्यावर पाहिलं होतं, कुणी थेट जिद्द्याच्या विमानात बसवून मोकळं झालं होतं. मी त्यांच्या घरी फोन लावत होते, तो सतत एंगेज. आमच्या ह्यांनी स्टूल घेतलं आणि कपाटावरची बॅग खाली काढली. आमची चौथीतली लेक दारात उभी राहून म्हणाली, "मम्मी, आर वी गोइंग? व्हॉट अबाउट माय सायकल?"

म्हटलं, बॅग राहू दे, आधी जाऊन बघू. दम्मामला त्यांच्या फ्लॅटवर पोचलो. दार हमीदाभाभींनी उघडलं. हॉलच्या मधोमध त्या दोन्ही बॅगा उघड्या पडल्या होत्या आणि अब्बासभाई जमिनीवर मांडी घालून ओल्या फडक्यानं पुस्तकं पुसत होते. दहावीची पुस्तकं. गणित, विज्ञान, हिंदी, भूगोल. नवा साठा भारतातून आलाच नव्हता आणि राहिलेल्यांपैकी कितीतरी मुली एका पुस्तकावर दोघी-तिघी अभ्यास करत होत्या. म्हणून गेलेल्या लोकांना भारतात फोन करून, शेजाऱ्यांकडच्या किल्ल्या मागून, अब्बासभाई बंद घरांतून पुस्तकं गोळा करत फिरत होते.

"अहो, पण बॅगांत कशाला?" मी जवळजवळ ओरडलेच.

"खोकी कुठं मिळतात आता? सगळ्यांनी सामान बांधायला नेली. बॅगा होत्या घरात. झाकण नीट बसत नाय, म्हणून दोरी." मग माझ्या तोंडाकडे बघून म्हणाले, "काय झालं, बाई?"

तुम्ही पळून गेलात, असं सांगितल्यावर ते बराच वेळ छताकडे बघत राहिले. हमीदाभाभी खुदकन हसल्या. "मघापासून फोन येतायत, मी उचलला की ठेवून देतात," त्या म्हणाल्या. मीही हसले, आमचे हेसुद्धा. अब्बासभाई हसले नाहीत. एक कुटुंब त्या दुपारी खरोखरच रियाधच्या वाटेला लागलं होतं, चेअरमन गेले म्हणून. त्यांची मुलगी आमच्या दहावीत पहिल्या तिघींत होती.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. दहावीच्या वर्गात सभा भरली. एरवी येत नसलेले बापही आले होते. अब्बासभाईंनी दोन्ही बॅगा, दोऱ्या-बिऱ्यांसकट, टेबलावर चढवल्या, दोरी सोडली आणि झाकणं उघडली. पुस्तकं बघून वर्गातून असा काही सुस्कारा निघाला की मलाच हलकं वाटलं.

मग ते आपल्या, म्हणजे रुबीनाच्या, बाकावर जाऊन बसले आणि बसूनच हिंदीत बोलले. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं होतं: माझ्या बॅगा बघून एक माणूस गेला, त्याला मी बोल लावत नाही, मीही तेच केलं असतं. म्हणून या बॅगा आता परीक्षा होईपर्यंत शाळेच्या प्रयोगशाळेत राहतील. मला जायचं असेल तर सगळ्यांसमोर इथून बॅग उचलून जावं लागेल. मग म्हणाले, "हमीदाने अपनी एक बैग नहीं दी है. भरके पलंग के नीचे रखी है. वो भी बता देता हूँ."

मग फीवाढीला विरोध करणारे ते डॉक्टर उठले आणि म्हणाले, मीही माझी आणून ठेवतो.

संध्याकाळपर्यंत प्रयोगशाळेत बॅगांची रास लागली. आम्ही आम्लाच्या बाटल्या वरच्या फळीवर सरकवल्या. कोट्टयम, वरंगल, चिपळूण, भटकळ, सगळी गावं तिथे एकावर एक रचून ठेवली होती. अट एकच होती. ज्याला न्यायची त्यानं केव्हाही यावं, खानचाचा कुलूप काढतील आणि कुणी काही विचारणार नाही. अब्बासभाईंनी खानचाचांना बजावलं होतं, "किसी का मुँह नहीं देखना. बैग दो और सलाम करो."

पुढच्या आठवड्यात युद्ध सुरू झालं. सरकारी हुकमानं शाळा बंद. भोंगे वाजायचे, आकाशात धडाम व्हायचं, आणि सकाळी सगळे एकमेकांना फोन करून आपापल्या काचा मोजायचे. दहावीच्या मुली गटागटानं शिक्षिकांच्या घरी शिकायच्या. माझ्या बैठकीच्या खोलीत बीजगणित चालायचं. कुवेतच्या सीमेवरच्या खफजीची एक मुलगी काकांकडे राहायला आलेली होती. वडील तिकडेच समुद्रातल्या तेलविहिरींच्या कामावर. भोंगा झाला की आम्ही सगळ्याजणी वह्या घेऊन आतल्या बोळात बसायचो आणि मी त्यांना सूत्रं म्हणायला लावायचे. इराकी सैन्य खफजीत शिरलं, त्यातून तिचे वडील सुटून आपल्या बाजूला आल्याचा निरोप आला त्या दिवशी मी बीजगणित सोडून शिरा केला. काही बाप बॅगा घेऊन गेलेही. खानचाचांनी सलाम केला.

मग एका सकाळी अब्बासभाईंच्या गल्लीतल्या एका इमारतीच्या काचा गेल्या. क्षेपणास्त्राचा तुकडा जवळच कुठेतरी पडला होता. दुपारी ते रुबीनाला घेऊन माझ्याकडे आले. दाढी वाढलेली. दारातच म्हणाले, "बाई, हमीदा म्हणते आजच निघायचं. तिचं चुकतंय असं मला म्हणता येत नाय. तुम्ही हिला विचारा. मी विचारलं तर बापाला बरं वाटेल ते सांगेल. मी बाहेर गाडीत बसतो."

मी रुबीनाला आत नेलं. ती आधी हिंदीत बोलायला लागली, मग घरच्या मराठीवर आली.

"मला लय भीती वाटते, मॅडम. मी आंघोळीलापण दार लावत नाय."

"मग जायचं का?"

ती चिकटपट्टीची फुली नखानं खरडत राहिली. "गावाला गेले की थोरल्या आपासारखं होईल. कोणी मुद्दाम करत नाय, पण होतं. त्याची भीती जास्त हाय. अम्मीला सांगाल? ती पलीकडच्या खोलीत झोपते. माझ्यापाशी झोपली तर मी राहीन."

मी खाली जाऊन गाडीच्या खिडकीतून जसंच्या तसं सांगितलं. त्या दिवशी मी बाहेर होते आणि ते आत, नेहमीच्या उलटं. अब्बासभाईंनी स्टिअरिंगवर कपाळ टेकलं. मला वाटलं रडताहेत, आणि रडतच होते. मग डोळे पुसून म्हणाले, "एवढंच? खाट सरकवायची फक्त?"

खाट सरकवली. हमीदाभाभींनी पलंगाखालची बॅग काही रिकामी केली नाही, पण त्या रुबीनाजवळ झोपायला लागल्या. त्या बाईचं मला आजही कौतुक वाटतं. भीती त्यांनी सोडली नाही, मुलीची मात्र सोबत केली.

फेब्रुवारी सरता सरता युद्ध संपलं. रस्त्यात लोक हॉर्न वाजवत फिरत होते. आमच्या ह्यांनी काचांवरच्या फुल्या काढायला घेतल्या, त्या निघता निघेनात, आणि ते शिव्या देत बसले. मला त्या शिव्यासुद्धा गोड लागल्या. शाळा उघडली. आणि मार्चमध्ये, ठरल्या दिवशी, आमच्याच वर्गांत परीक्षा बसली.

पहिला पेपर. मुली जागांवर बसल्या, प्रश्नपत्रिका वाटून झाल्या, आणि तेवढ्यात फाटकाची खिडकी खाडकन उघडली. मी पळत गेले.

"बाई, किती आल्या?"

"सगळ्या," मी म्हटलं. "रियाधला गेलेली तीसुद्धा. पहाटे पोचली."

खिडकीतलं नाक आणि डोळे तसेच राहिले.

"एसी थंड देतो का?"

"देतो," मी म्हटलं. इतके दिवस छातीवर असलेलं ओझं त्या फालतू प्रश्नानं उतरलं होतं. "खलास," ते म्हणाले आणि खिडकी सरकवली. परीक्षा संपेपर्यंत ते रोज त्या क्रेटवर बसून होते, एवढं खानचाचांनी सांगितलं.

निकाल लागला तो नेहमीच्या वर्षांसारखाच चांगला लागला. वकिलातीच्या अभिनंदनाच्या पत्रात युद्धाचा उल्लेख नव्हता. रुबीनाला गणितात माझ्या अपेक्षेपेक्षा जास्त मार्क मिळाले. तिनं पहिला फोन थोरल्या बहिणीला लावला. आमच्याकडे पुढचे वर्ग नव्हते. ती अकरावीसाठी मुंबईला मावशीकडे जाणार होती, आणि त्याबरोबर अब्बासभाईंची मेंबरकी घटनेप्रमाणे संपली.

नव्या कमिटीच्या निवडीची सभा दहावीच्याच वर्गात होती. बाप आपापल्या मुलींच्या बाकांवर येऊन बसत होते. अब्बासभाई आले आणि दाराशीच थांबले. रुबीनाचा बाक रिकामा होता. धाकट्या लेकीसाठी आलेले डॉक्टर म्हणाले, "परकारसाब, बैठिए ना." दोघंतिघं म्हणाले. ते आत आले, पण त्या बाकाजवळ उभेच राहिले.

"यहाँ अब किसकी बच्ची बैठती है?" त्यांनी मला विचारलं.

मी नाव सांगितलं. तिचे वडील मागे भिंतीशी संकोचून उभे होते, नवीनच आलेले कुणीतरी वेल्डर, पहिलीच सभा. अब्बासभाईंनी त्यांना हाताला धरून आणलं, बाकावर बसवलं आणि वर बोट दाखवलं. "इसका पानी दाहिनी तरफ गिरता है. बाईं तरफ बैठना." मग माझ्याकडे वळून हळूच मराठीत म्हणाले, "सुटलो, बाई." इतक्या वर्षांत त्यांना मोकळं हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. समोरचा एक दात किंचित तुटका होता, तेही तेव्हाच कळलं.

सभा सुरू झाली आणि ते व्हरांड्यातून प्रयोगशाळेकडे गेले. तिथे आता दोनच बॅगा उरल्या होत्या. परीक्षेनंतर बाकीच्यांनी आपापल्या नेल्या; यांना वेळच झाला नव्हता. मी फळ्याजवळच्या खिडकीतून बघत होते. दोन हातांत दोन बॅगा घेऊन ते अंगणातून चालले होते. दोऱ्या नव्हत्या, एका बॅगेचं झाकण तोंड वासून लोंबत होतं. फाटकाशी खानचाचांनी सवयीनं सलाम ठोकला आणि तेही हसायला लागले. रिकाम्या बॅगा पायांवर आपटत अब्बासभाई पिकअपकडे गेले.

घरी पोचले तर फोन वाजतच होता. "टीचर, परकारसाब बैग लेके निकले, सच है क्या?" तो ठेवला तर दुसरा, मग तिसरा. मी प्रत्येकाला तेच सांगितलं, की खरं आहे, मी स्वतः पाहिलं. आणि बॅगा रिकाम्या आहेत.